खोल आणि स्वच्छ सब बेस कसा बनवायचा: आधी पट्टी, मग प्लगिन

दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या हळदीला मी स्वतः बनवलेला ट्रॅक वाजवायला दिला होता, हलगीचा लूप, वर थोडा सिंथ आणि खाली मोठ्ठा सब. घरी हेडफोनवर तो इतका भारी वाजायचा की मी आठवडाभर दुसरं काही ऐकलंच नव्हतं. तिथे डबल अठराचे (म्हणजे अठरा इंची दोन दोन स्पीकरवाले) चार बेस लावलेले, पहिली ओळ आली आणि थेट छातीत बसली, आणि दुसऱ्या ओळीला बेस गायब. म्हणजे आवाज कमी झाला असं नाही, पूर्ण गायब, वर अॅम्प्लिफायरची क्लिपची (आवाज झेपेनासा झाल्याची) लाल लाइट लुकलुकतेय आणि हलगी पण दबलीय. ऑपरेटर दादांनी एका वाक्यात सांगितलं, प्रोसेसरला ३५ हर्ट्झला कट लावलाय, त्याच्या खालचं काही येणार नाही. गाणं ई मायनरमध्ये होतं आणि दुसऱ्या ओळीत बेस खाली बी वर उतरायचा, तो बी म्हणजे ३०.९ हर्ट्झ. मी तोच बी एक सप्तक वर नेला, ६१.७ वर, आणि पुढच्या वेळी दोन्ही ओळी सारख्याच जोरात आल्या. एकही प्लगिन बदललं नव्हतं.

म्हणून सब बेसबद्दल कोणी विचारलं की मी आधी सिंथबद्दल बोलतच नाही, आधी विचारतो गाण्याची पट्टी कोणती आणि बेस कुठल्या सुरावर सगळ्यात जास्त वेळ बसणारे. कारण सब म्हणजे शेवटी एकच सूर असतो, साधारण ३० ते ६० हर्ट्झच्या मधला, जवळजवळ शुद्ध साइन वेव्ह. त्याच्यात लपवायला काहीच नसतं. सूर चुकीच्या जागी असेल तर दहा प्लगिन लावून पण तो खोल वाजत नाही आणि बरोबर जागी असेल तर डीएडब्ल्यूमधल्या (म्हणजे ज्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं बनवता त्यातल्या) फुकटच्या सिंथवर पण भिंत हलते.

हे आकडे एकदा पाठ करून टाका किंवा कागदावर लिहून समोर चिकटवा. सी ३२.७, डी ३६.७, ई ४१.२ (चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार हीच), एफ ४३.७, एफ शार्प ४६.२, जी ४९, जी शार्प ५१.९, ए ५५, ए शार्प ५८.३. माझ्या अनुभवात ई पासून ए पर्यंतचा पट्टा सोन्यासारखा आहे, तिथे सब खोल पण लागतो आणि बहुतेक सिस्टिम तो काढू पण शकतात. डीच्या खाली गेलात की सूर ऐकू येण्यापेक्षा फक्त जाणवायला लागतो, आणि मोठी सिस्टिम नसेल तर तेही नाही. ए शार्पच्या वर गेलात की तो हळूहळू साध्या बेससारखा वाजायला लागतो, जमिनीखालून आल्यासारखं वाटत नाही.

आता आपल्याकडे खरी गंमत इथे येते, कारण आपले गायक काळी पांढरीत बोलतात. समजा गायक म्हणाला मी काळी एकला गातो, म्हणजे सा झाला सी शार्प. खालचा सी शार्प ३४.६ हर्ट्झवर पडतो, जो बऱ्याच ठिकाणी वाजणारच नाही, आणि वरचा ६९.३ वर, ज्याला खोली नाही. आता काय करायचं? माझा मार्ग असा की बेसलाइन सा वर ठाण मांडून न बसवता पंचम आणि मध्यमाच्या भोवती फिरवायची, काळी एकचा पंचम म्हणजे जी शार्प, ५१.९, आणि मध्यम म्हणजे एफ शार्प, ४६.२, दोन्ही एकदम मोक्याच्या जागी. सा घ्यायचाच असेल तिथे वरचा ६९ चा घ्या आणि समेवर एखाद्या ठिकाणी खालचा सा थोडा वेळ द्या, तो ऐकू नाही आला तरी गाणं पडत नाही. आणि जर गायक काळी चार किंवा पांढरी चारला आरामात गात असेल तर प्रश्नच मिटला, सा सरळ ५१.९ किंवा ४३.७ ला येतो. रेकॉर्डिंग व्हायच्या आधी हे बोलून घ्या, नंतर आवाजाचा पिच सरकवून कधीच तसं जमत नाही. गायकाचा गळा मात्र आधी, सबसाठी कोणाला अवघड पट्टीत गायला लावू नका.

एक लक्षात ठेवा, सॉफ्टवेअरमध्ये सप्तकाचे आकडे वेगवेगळे असतात आणि यात खूप जण फसतात. ५५ हर्ट्झचा ए, ज्याला पुस्तकात ए१ म्हणतात, तो एफएल स्टुडिओच्या पियानो रोलमध्ये ए२ दिसतो आणि एबलटनमध्ये ए०. वर सिंथमध्ये ऑक्टेव्हचं बटण वेगळं असतंच. म्हणून कोणी व्हिडिओत म्हणालं की सब ए१ ला ठेवा तर तसंच उचलू नका, स्पेक्ट्रम अॅनालायझर (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारं साधन) लावा, व्हॉक्सेन्गोचा स्पॅन फुकट मिळतो, आणि डोंगर खरंच कुठे उभा राहतोय ते डोळ्यांनी बघा.

बरं, आता साउंड. कुठलाही सिंथ घ्या, मी व्हायटल वापरतो कारण त्याची फुकट आवृत्ती पुरते, तुमच्याकडे सीरम असेल, एबलटनचं ऑपरेटर असेल, एफएलचा थ्री एक्स ऑस्क असेल तरी चालतं. एकच ऑसिलेटर चालू ठेवा, बाकीचे बंद, वेव्ह साइन. युनिसन (एका सुराच्या किती प्रती वाजतात ते) एकवर, डिट्यून (त्या प्रती सुरापासून किती सरकतात ते) शून्य, व्हॉइस एक म्हणजे मोनो. रिव्हर्ब, कोरस, डिले काही नाही. मग एक छोटी सेटिंग आहे जी नवीन माणूस बघतच नाही, फेजची. बऱ्याच सिंथमध्ये फेज रँडम असते, म्हणजे प्रत्येक वेळी की दाबली की वेव्ह कुठूनही सुरू होते, वरच्या सुरांना ते छान वाटतं पण सबमध्ये त्यामुळे प्रत्येक ठोका वेगळा लागतो, एक जोरात, एक पोकळ, आणि किकशी (ड्रमच्या खालच्या मोठ्या ठोक्याशी) पण रोज वेगळं भांडण. रँडम शून्य करा आणि फेज अशी ठेवा की वेव्ह शून्य रेषेपासून सुरू होईल. मधूनच सुरू झाली तर सुरुवातीला टक् असा आवाज येतो.

तो टक् एनव्हलपमुळे (सूर कसा चढतो आणि कसा विरतो त्या सेटिंगमुळे) पण येतो. अॅटॅक अगदी शून्य ठेवू नका, ३ ते ५ मिलीसेकंद द्या, रिलीज (की सोडल्यावर विरायचा वेळ) ४० ते ८० च्या मधे. का, तर ४० हर्ट्झच्या एका लाटेलाच २५ मिलीसेकंद लागतात, ती अर्ध्यात कापली की कापल्याचा आवाज येणारच. आणि सूर एकमेकांवर चढू देऊ नका, एक संपला की मग दुसरा, दोन सबचे सूर एकत्र वाजले की सगळं गढूळ.

सरकता बेस हवा असेल, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा, तर लेगाटो (सूर न तोडता जोडून वाजवणं, फक्त इथे एक सूर पुढच्यावर थोडा चढू द्यायचा) चालू करून ग्लाइड ६० ते १२० मिलीसेकंद ठेवा. डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमारा निघतो ना, तबल्याचा चांगला हात असलेला माणूस तो प्रत्येक मात्रेला काढत नाही, मोजक्या जागी काढतो म्हणून तो मनात राहतो. ग्लाइडचं पण तसंच, चार बारमध्ये एकदा दिली तर लोकं वाट बघतात.

आता ८०८ चं सांगतो कारण निम्मे लोक सब म्हणजे ८०८ च समजतात. रोलंडचं टीआर ८०८ हे ड्रम मशीन १९८० मध्ये आलं आणि १९८३ ला बनवणं बंद झालं, त्याचा किक म्हणजे हळूहळू विरत जाणारी जवळपास साइनच. डिके (विरायचा वेळ) वाढवला की तो लांबतो आणि सूर म्हणून वाजवता येतो, लोकांनी तेच पकडलं. आज तुम्ही पॅकमधून जे सँपल घेता ते कितीतरी हातांतून गेलेलं असतं, नावात सी लिहिलेलं असतं आणि असतो भलताच काही सूर, वर काहींचा पिच शेवटाकडे खाली घसरतो. म्हणून आधी सँपल एकटा वाजवा, ट्यूनर किंवा स्पॅनमध्ये त्याची शेपटी बघा (सुरुवातीचा ठोका बघू नका, तिथे पिच वरून खाली येत असतो) आणि मग रूट की (सँपल मुळात कुठल्या सुराचं आहे ते) सेट करा. ट्यून नसलेला ८०८ आणि खाली बेसूर वाजणारी पेटी यात मला काहीच फरक वाटत नाही, कान दोन्हीला सारखेच वैतागतात.

आता येतो सगळ्यात मोठा प्रश्न, शुद्ध साइन फोनवर ऐकूच येत नाही. फोनचा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही आणि आपले अर्धे श्रोते फोनवरच ऐकतात. इथे आपला कान मदतीला येतो. मूळ सूर नसला आणि त्याचे वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सूर) असले तरी मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. म्हणजे ५० चा सब असेल आणि १००, १५०, २००, २५० ला थोडं थोडं काहीतरी असेल तर फोनवर पण बेसलाइन कळते, भले छातीत नाही लागणार. हे हार्मोनिक आणायचं काम सॅच्युरेशनचं, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा फाडण्याचं.

मी असं करतो की सबचा मिडी (कुठला सूर कधी वाजायचा ती नोंद) दोन चॅनेलवर ठेवतो. पहिला एकदम कोरा साइन, त्याला काहीही लावायचं नाही. दुसऱ्यावर तोच सूर पण चांगला कडक डिस्टॉर्शन किंवा ट्यूब सॅच्युरेशन, मग त्याच्यावर १०० ते १२० च्या आसपास हाय पास म्हणजे त्याचा खालचा भाग पूर्ण कापलेला, आणि वरून साधारण एक किलोहर्ट्झच्या वर पण थोडा लो पास म्हणजे खरखर नको. हा दुसरा चॅनेल आधी पूर्ण खाली करून हळूहळू वर आणायचा, जिथे फोनवर बेसलाइन कळायला लागते तिथेच थांबायचं. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावताना वादक जसा थोडी लावतो, वाजवून बघतो, परत थोडी काढतो, तसं. एकदम थापून दिलं तर नाद मरतो. आणि हे दोन चॅनेल एकत्र वाजवताना दुसऱ्याची पोलॅरिटी (लाटेची वर खाली दिशा) उलटी करून बघा, उलटी केल्यावर खालचा आवाज जाड झाला तर तीच ठेवा.

तुम्हाला दोन चॅनेलची कटकट नको असेल तर साइनऐवजी ट्रायँगल वेव्ह घ्या आणि लो पास फिरवत बसा. ट्रायँगलमध्ये तिसरा हार्मोनिक मूळ सुराच्या एक नवमांश असतो, म्हणजे थोडाच, पण साइनपेक्षा जास्त कळतो. झटपट काम असेल तेव्हा मी हेच करतो.

किक आणि सब. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्ही पण घालवा. दोघं एकाच जागी राहायला बघतात आणि ती जागा एकालाच पुरते. आधी ठरवा की खाली कोण राहणार. किक आखूड आणि थोडा वरचा असेल, म्हणजे त्याचा गाभा ६० ते ८० च्या मधे आणि लांबी १५० मिलीसेकंदाच्या आत, तर त्याच्याखाली ४५ चा सब मोकळा वाहतो. किक स्वतःच लांब आणि जाड हवा असेल तर मग सबला किकच्या वेळी गप्प बसवा. त्यासाठी साइडचेन किंवा व्हॉल्यूम शेपर, किक पडला की सब लगेच खाली, आणि ८० ते १२० मिलीसेकंदात परत वर. परत येणं गाण्याच्या लयीत वाटलं पाहिजे, त्यासाठी आकड्यावर विश्वास ठेवू नका, मान हलतेय का बघा. किती खाली घ्यायचा, तर मी ६ डीबीपासून सुरू करतो आणि गरज पडली तर पूर्ण बंद.

आपल्या तालवाद्यांचं अजून एक आहे. ढोलकी, संबळ किंवा ढोल घेतला असेल तर त्यांना पण खालची बाजू असते, ढोलाची थापीची बाजू तर स्वतःच अर्धा सब आहे. माझ्याकडच्या एका ढोलकीच्या लूपमध्ये धूम ८५ च्या आसपास होती आणि सबच्या हार्मोनिकला सारखी टक्कर देत होती, मी तीन दिवस सबला दोष देत बसलेलो. तिथे ढोलकीला कापून टाकू नका, ढोलकीची धूम गेली की ती पत्र्यासारखी वाजते आणि गाण्याचा जीवच जातो. त्यापेक्षा सबच्या वरच्या थरात हाय पासनंतरही ८५ ला जे उरतं तिथे छोटा खड्डा करा, किंवा सब तिथे वाजवा जिथे धूम नाहीये, टिपरू किंवा चाटीच्या बोलांच्या खाली. मला हा दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण मग बेस आणि ताल एकमेकांशी बोलतात. बाकी वाद्यं, पेटी, सिंथ, आवाज, टाळ, यांना मात्र १०० ते १५० च्या खाली बिनधास्त कापा, त्यांचं तिथे काही काम नसतं, नुसती माइकची घरघर असते.

सबवर काय लावू नये तेही सांगतो. फास्ट कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावू नका. रिलीज २५ मिलीसेकंदापेक्षा कमी झाला की तो आवाजाची पातळी सोडून एकेक लाटच दाबायला लागतो आणि विनाकारण खरखर येते. सिंथचा आवाज तसाही एकसारखा असतो, एखादा सूर कमी जास्त वाटला तर व्हेलॉसिटीने (की किती जोरात दाबली त्या आकड्याने) हाताने ठीक करा. आणि तो कमी वाटणारच, कारण आपला कान खालच्या सुरांना कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. आजच्या मानकाप्रमाणे १ किलोहर्ट्झचा ४० डीबीचा आवाज जेवढा वाटतो तेवढाच वाटायला ५० हर्ट्झला साधारण ७८ डीबी लागतात, आणि ४० हर्ट्झला अजून ५ वर. म्हणून हळू आवाजात मिक्स करताना सब कमी वाटतो, माणूस वाढवत जातो आणि मोठ्या सिस्टिमवर सगळं बुडतं. सबची पातळी ठरवायची वेळ आली की थोड्या वेळासाठी आवाज नीट मोठा करा, ठरवा, परत कमी करा.

एकदम तीव्र हाय पास पण नको. ३० ला उभा कट मारला की त्याच्या वरच्या सुरांची फेज पण फिरते आणि सब मऊ पडतो, आणि गंमत म्हणजे पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) कधी कधी कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. २० ते २५ ला सौम्य कट पुरे, आणि तुमचा सगळ्यात खालचा सूर ४१ असेल तर त्याचीही गरज नाही. स्टिरीओ वाइडनर तर लांबच ठेवा. १२० च्या खाली सगळं मोनो, कारण डावी उजवीकडे वेगवेगळी फेज गेली की मोठ्या सिस्टिमवर, जिथे बेस बहुतेक मोनोच चालतो, ते एकमेकांना खाऊन टाकतात. विस्तार हवा असेल तर तो वरच्या सॅच्युरेशनच्या थरात द्या.

खोलीबद्दल न सांगता हे अपुरं राहील. आपल्याकडची बेडरूम साधारण दहा बाय बारा फूट. बारा फुटांच्या लांबीला खोली स्वतः ४७ हर्ट्झच्या आसपास घुमते आणि दहा फुटाला ५६ च्या आसपास, म्हणजे नेमकं आपल्या सोन्याच्या पट्ट्यात. बरोबर मध्यभागी बसलात तर ते सूर जवळजवळ नाहीसे होतात आणि भिंतीला टेकून बसलात तर दुप्पट वाटतात. ५० हर्ट्झची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते, तिला अंड्याच्या ट्रेने किंवा पातळ फोमने काही होत नाही, त्यावर पैसे घालवू नका. एक प्रयोग करा, सिंथवर साइन लावून सी पासून वरच्या सी पर्यंत एकेक सूर सारख्याच जोराने वाजवा आणि कुठला सूर गायब होतो, कुठला खिडकी वाजवतो ते लिहून ठेवा. ती तुमच्या खोलीची कुंडली. पुढे मिक्स करताना एफ शार्प कमी वाटला तर तुम्हाला माहीत असेल की तो खोलीने खाल्लाय. बाकी निर्णय चांगल्या बंद हेडफोनवर आणि स्पॅन बघून घ्या.

पातळी किती ठेवायची याचं ठरलेलं उत्तर नाही, पण सुरुवात म्हणून मी किकचा पीक उणे ८ डीबीला ठेवतो आणि सब त्याच्यापेक्षा २ ते ४ डीबी खाली, मग बाकी सगळं त्यांच्या वर बांधतो. सब उशिरा घुसवायला गेलं की तो नेहमी जास्त होतो. मास्टरवर (सगळं गाणं एकत्र येतं त्या शेवटच्या चॅनेलवर) लिमिटर (आवाज ठराविक पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन) लावल्यावर बेसच्या प्रत्येक ठोक्याला आवाज खाली वर होत असेल तर लिमिटरशी खेळू नका, परत जा आणि सब २ डीबी कमी करा, किंवा लांब सूर थोडे आखूड करा. सूर आखूड केले की मिक्स केवढं उघडतं ते एकदा करून बघा, सबच्या दोन सुरांमधली शांतता पण ऐकू यायला पाहिजे.

शेवटी ऐकून बघायला चार जागा. फोन, कोणाचीतरी कार, साधा ब्लूटूथ स्पीकर (हा आवाज वाढवला की स्वतःच बेस कमी जास्त करतो, तेव्हा त्याच्यावरून पातळी ठरवू नका, फक्त सूर कळतोय का बघा), आणि जमलं तर ओळखीच्या साउंडवाल्याकडे कार्यक्रमाच्या आधी सिस्टिम लागत असताना पाच मिनिटं. मी आता पेन ड्राइव्हवर दोन फाइल नेतो, एक गाणं आणि एक फक्त किक आणि सब. दुसरी आधी लावतो आणि बेसच्या समोर उभं न राहता पंधरा वीस पावलं मागे जातो, मग प्रत्येक सुराला कुठला दमदार आणि कुठला पोकळ ते फोनमध्ये लिहून घेतो आणि घरी येऊन त्या त्या सुराची व्हेलॉसिटी बदलतो.